झोपणाऱ्याचा रकाना

ममताचा राग नाकावर असतो आणि माझाही काही कमी नाही. म्हणूनच बहुधा आमचं पटतं. तिचे वडील मारोतराव बाभुळगावच्या तहसीलमध्ये शिपाई होते, मी तिथेच तीस वर्षं कारकून. यवतमाळला संगणकाचा कोर्स करून आल्यावर तिने आमच्या घराची पुढची खोली मागितली. "काका, मले दुकानदारांच्या वेबसाइट बनवाच्या हायेत." बाभुळगावात? मी हसलो, ती चिडली, आणि खोली तिला मिळाली.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर जुना लॅपटॉप, कोपऱ्यात घडी घातलेली सतरंजी. दुपारी ती त्या सतरंजीवरच पाठ टेकायची. एक गादी घे म्हटलं, तर म्हणायची, "कायले? पुन्याले जा लागलं तर कुठी घेऊन फिरू?" पुण्यात मावसभावाने एका कंपनीत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. तिने घरी मुदत मागून घेतली होती, चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत. तोवर एक तरी दुकान ऑनलाइन चाललं तर राहायचं, नाही तर बॅग भरायची. तिला जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती, हे आता सांगायला काय हरकत आहे?

तिचं पहिलं गिऱ्हाईक बसस्टँडजवळचा उकंडा गादीवाला. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष. अळीने बोंडं आतून पोखरली होती, हाती आला तो डागी कापूस. लग्नं झाली, पण नव्या गाद्या कोणी भरून घेतल्या नाहीत. उकंडा दिवसभर कापूस पिंजायच्या मशीनवर फडकं मारत बसायचा. ममताने आठवडाभर त्याच्याशी डोकं लावलं, गाद्यांचे फोटो काढले, मापं टाकली, आणि जानेवारीत दुकान सुरू झालं. सिंगल की डबल, रंग कोणता, बटण दाबा, संपलं.

बाराव्या दिवशी नाशिकहून पहिली ऑर्डर आली. ममता पेढे घेऊन धावत गेली, मागोमाग मी. उकंडाने पेढा खाल्ला, हात पुसले आणि विचारलं, "झोपनार कोन?"

"उकंडाभाऊ, लांबी-रुंदी देली ना तुमाले. आता काहून अडून राह्यले?"

"लांबी पलंगाची देली वो पोरी. मानसाची कुठी हाय?"

चाळीस वर्षं तो हेच विचारत आला होता. झोपणारा म्हातारा की तान्हं, पलंगावर की जमिनीवर, कंबर दुखते का? त्यावर रुई किती दाबायची ते तो ठरवायचा. नाशिकच्या बाई अनोळखी नंबर उचलेनात. शेवटी ममता वैतागली, "रोजच्यासारखी भरून टाका!" आमच्याकडे रोजचं गिऱ्हाईक म्हणजे शेतात राबणारा माणूस. उकंडाने तशीच भरली, घट्ट.

गादी होती ऐंशी वर्षांच्या आईसाठी. 'आईला दगडावर झोपवल्यासारखं झालं,' बाईंनी साइटवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. अख्खा फेब्रुवारी एक ऑर्डर आली नाही.

ममता लॅपटॉप बंद करून बसली होती. मला राहवेना. "एक रकाना वाढव," मी म्हटलं. "कोण झोपणार ते लिहायला."

"काका, रकाने वाढले की लोक पळतात. आमाले तसंच शिकवलं हाय."

"तहसीलमधून कधी कोणी पळालं नाही."

"तिथून पळून जातीन कुठी?"

बोलली खरी, पण दोन दिवसांनी साइटवर प्रश्न आला: 'या गादीवर कोण झोपणार?' इकडे उकंडाने कोणी न सांगता नाशिकच्या आजीसाठी दुसरी गादी भरून पाठवली, मऊ. बाईंनी आधीचं लिहिलेलं काढलं आणि नवं लिहिलं, 'आई रात्रभर झोपली.'

मग लोक लिहायला लागले. उकंडाला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. 'वडील. ट्रक चालवायचे. आता डाव्या कुशीवरच असतात.' उकंडा म्हणाला, "डाव्या अंगाले रुई जास्त टाकतो." एकीने लिहिलं होतं, 'बाळ. अजून यायचं आहे.' त्या दिवशी त्याने मशीन लावलंच नाही, रुईतला काडीकचरा हाताने वेचत बसला.

जयंतीपर्यंत एकोणीस गाद्या गेल्या. एकोणीस म्हणजे चाललं की नाही? ममताला विचारायची माझी छाती होईना. जयंतीला पांढरी साडी नेसून ती मिरवणुकीला निघाली, दारातून "जयभीम काका" म्हणाली. मी जयभीम केला. पुण्याची गाडी कधीची, हा प्रश्न गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. एक नवी ऑर्डर होती.

"कुठली हाय?" उकंडाने विचारलं.

"बाभुळगाव," मी म्हटलं आणि खालचा रकाना वाचला. 'कोण झोपणार? मी, ममता. जमिनीवर. दुपारी पाठ टेकायला. बरीच वर्षं टिकली पाहिजे.'

"पुन्हा वाचा," उकंडा म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. माप न विचारताच उकंडा खोळ कापायला बसला.