'फबिंग'चा जन्मदाखला

शब्दाचा जन्म सहसा कोणी पाहिलेला नसतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून जो शब्द जन्मदाखला हातात घेऊनच येतो, त्याच्याकडे मी संशयाने पाहतो. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. ही खोड आता जायची नाही.

मुलुंडला आमच्या बागेत निवृत्तांचा कट्टा आहे आणि कट्ट्याचा एक फळा. दर गुरुवारी त्यावर एक शब्द आणि त्याची व्युत्पत्ती लिहायची. व्युत्पत्ती चुकीची ठरली, तर खडू दुसऱ्याच्या हवाली करायचा, असा नियम. नऊ वर्षे तो खडू माझ्याकडे होता, आणि एका माजी बँक मॅनेजरांचा त्यावर डोळा होता.

गेल्या वर्षी मी 'फबिंग' लिहिला. फोन आणि स्नबिंग, म्हणजे झिडकारणे, मिळून झालेला शब्द. अर्थ, समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष करून मोबाइलमध्ये डोके घालून बसणे. खाली लिहिले, 'ऑस्ट्रेलियात एका जाहिरात कंपनीने मुद्दाम घडवला.'

"साफ चूक!" मॅनेजर कडाडले. "मित्रांच्या मोबाइलला वैतागलेल्या एका कॉलेजच्या पोराने मोहीम काढली, त्यातून आलाय तो. पेपरांत छापून आलंय. आणा खडू इकडे."

"पेपरांना ते कोणी पुरवलं, हे विचारलंत का?"

"अहो, तुम्हाला दुधाच्या पिशवीतही कारस्थान दिसतं!" बाकावरून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मी हसलो नाही.

मॅनेजरांची पुतणी अंधेरीला जाहिरात कंपनीत आहे. त्यांनी तिलाच फोन लावला आणि मोठ्या ऐटीत स्पीकर चालू केला.

"काका, हे तर आम्हाला शिकवलेलं उदाहरण आहे," ती म्हणाली. "भाषेचे जाणकार एका खोलीत बसवले आणि शब्द बनवून घेतला. मोहिमेसाठी जो मुलगा पुढे केला, तोही त्याच एजन्सीतला. सगळं नव्या डिक्शनरीच्या खपासाठी, ना!"

मॅनेजरांनी स्पीकर बंद केला. खडू माझ्याकडेच राहिला.

घरी परतताना मात्र तिचे शेवटचे वाक्य माझा पिच्छा सोडीना. आजवर प्रत्येक वादात मी अखेरचा साक्षीदार म्हणून शब्दकोशच उभा केला होता, आणि इथे विक्रेता निघाला तो शब्दकोशच. मग माझ्या हस्ताक्षरात फळ्यावर गेलेल्या किती व्युत्पत्त्या कोणाच्या तरी सोयीच्या होत्या? त्या संध्याकाळी मी कोशांचे कपाट उघडले, आणि एकही खंड न काढता लावून टाकले.

पुढच्या गुरुवारी मी 'हँग्री' लिहिला. 'हंग्री आणि अँग्री मिळून. प्रथम कोणी जुळवला, मला ठाऊक नाही.'

मॅनेजर चष्मा सावरत पुढे आले. "ठाऊक नाही? ही काय व्युत्पत्ती झाली? द्या खडू."

"चुकलं तर द्यायचा, असा नियम आहे. यातली चूक दाखवा."

त्यांनी फळा पुन्हा एकदा वाचला. "शोधून काढीन मी."

"जरूर शोधा," मी म्हणालो आणि खडू खिशात टाकला. "मात्र सांगणारा काय विकतो, तेही विचारून या."