कंपनीतलं दूध

दूध काढायचा पंप घ्यायला मी महाडच्या बाजारातल्या एका मेडिकलमध्ये गेले तेव्हा काउंटरवर तीन-चार पुरुष उभे होते, म्हणून आधी तापाच्या गोळ्यांची एक पट्टी मागितली. ते गेल्यावर हळू आवाजात खरं सांगितलं. दुकानदाराने लगेच आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "अरे, बायकांचा तो दुधाचा पंप कुठे ठेवलाय?" समोरच्या चपलांच्या दुकानातला माणूससुद्धा वळून बघायला लागला. मला दुकानदाराचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. बी.एस्सी. झालेली, कंपनीच्या लॅबमध्ये रोज औषधांचे नमुने तपासणारी बाई, आणि पंप मागायला तापाच्या गोळ्यांचा आडोसा घेते!

त्याने दोन पंप पुढे ठेवले. एक रबरी भोंग्याचा, जुन्या सायकल-रिक्षाच्या हॉर्नसारखा. "सगळ्या हाच नेतात," तो म्हणाला. मी भोंगा दाबून पाहिला. दूध त्या रबरात शिरणार आणि आतून तो कधीच धुता येणार नाही, हे मला लगेच कळलं. दुसरा हाताने दांडी दाबायचा, सगळे भाग सुटे होणारा. विजेवर चालणारा मागवून देतो म्हणाला, पण आमच्या चेंजिंग रूममध्ये प्लग नव्हता. दांडीवाला घेतला.

लेक तीन महिन्यांची झाली आणि ठेकेदाराचा फोन आला की आता जागा धरून ठेवता येणार नाही. कायम नोकरीतल्या बायका सहा महिने घरी राहतात, मी ठेक्यावरची. नवरा मुंबईत, त्याच्या कामाचा भरवसा नाही, पंधरा-वीस दिवसांनी एकदा येणार. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या बाजूला जाताना डोंगरात आमची वाडी आहे. घरात सासूबाई, मी आणि लेक. सकाळी खाली नाक्यावर उतरून कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी परत. मधले दहा तास लेकीने काय प्यायचं, हा प्रश्न माझा एकटीचा होता. आणि मी ठरवलं होतं की ती माझंच दूध पिणार. बाकी काही देता आलं नाही तरी तेवढं देता येईल असं मला वाटत होतं.

मग रोजचं सुरू झालं. दुपारी जेवायच्या सुट्टीत चेंजिंग रूमच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, दांडी दाबत बसायचं. दाराला आतून कडी नव्हती, तर सफाईवाल्या मावशी दाराला पाठ लावून डबा खायच्या. बाटलीवर मी चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिहायची, लॅबची सवय. बाटली कँटीनच्या फ्रिजमध्ये, मग बर्फाच्या पिशवीत घालून घरी, घरच्या फ्रिजमध्ये. आज काढलेलं उद्या लेकीला. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं होतं, की उकळायचं नाही, वाटीत गरम पाणी घेऊन त्यात बाटली ठेवायची. त्या मान हलवायच्या. मी घरी आले की मोरीत बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या आणि चिकटपट्टी सोलून काढलेली. त्या रिकाम्या बाटल्या बघून दिवसभराचा शीण उतरायचा, खोटं कशाला सांगू.

महिन्याने अंगणवाडीत वजन केलं. काटा जिथे होता तिथेच. ताई म्हणाल्या, "दूध कमी पडतंय का?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं. घरी येऊन पहिला राग पंपावर काढला. दांडीने पुरेसं निघत नसणार, वरवरचं पातळ तेवढं येत असणार. फोनवर शोधून बॅटरीवर चालणारा मागवला. कुरियरवाला आमच्या वाडीपर्यंत चढत नाही, नाक्यावर जाऊन आणला. तो चालू केला की गिरणीसारखी घरघर व्हायची आणि पलीकडे कपडे बदलणाऱ्या पोरी फिसफिस हसायच्या. मी म्हटलं, हसा! दूध तर जास्त येतंय.

पुढच्या वेळी वजन पन्नास-साठ ग्रॅम वाढलं. त्याला कोणी वाढ म्हणत नाही. लेकीचे पाय काटकुळे दिसायला लागले होते आणि मधूनमधून पोट बिघडायचं. मग मी वाचलं की छातीला लावायच्या फनेलचं माप चुकलं तरी दूध नीट निघत नाही. पट्टीने मोजून दुसऱ्या मापाचं फनेल मागवलं. अळिवाचे लाडू, मेथी, शेवग्याचा पाला, जो जे सांगेल ते खाल्लं. लॅबमध्ये एखादा नमुना नापास झाला की आम्ही आधी यंत्र तपासतो, मग रसायन, मग हात. मी तेच करत होते. यंत्र बदलून झालं होतं, आता माझाच दोष उरला होता. आपल्या अंगातच काही कस नाही, असं मला बसमध्ये बसल्या बसल्या वाटायचं आणि रडू यायचं.

एका गुरुवारी कंपनीत काहीतरी बिघाड होऊन आम्हाला अकरालाच सोडलं. मी बारा-साडेबाराला वाडीत पोचले. घरामागून येणारी वाट जवळची, म्हणून तिथूनच आले. सासूबाई फणसाच्या बुंध्याशी वाकलेल्या दिसल्या. हातात माझी बाटली, चिकटपट्टी तशीच. त्या दूध मुळाशी ओतत होत्या, सावकाश, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून बुंध्याला अगदी लागून. ओतून झाल्यावर त्यांनी मुळाला हात लावून नमस्कार केला. मग आत गेल्या आणि लेकीला मांडीवर घेऊन बोंडल्याने पाजायला लागल्या. बोंडलं म्हणजे चोच असलेली ती छोटी वाटी. त्यात गाईचं दूध होतं. इतकं पाणी घातलेलं की निळसर दिसत होतं.

"आई, तुम्ही काय करताय हे?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्या दचकल्या, पण बोंडलं खाली ठेवलं नाही. "पाजतंय."

"माझं दूध ओतलंत तुम्ही!"

"रोजच ओततंय," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापास्नं."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. वाईट बोलले. तुम्हाला नातीपेक्षा झाड जवळचं का, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचा सदरा मी वेगळ्या दगडावर धुवायची. तुझ्या कंपनीतच काम होता त्यांचा, पिंपा उचलायचा. आठ पाण्यातनं काढला तरी वास जायचा नाय. मंग खोकला लागला. दोन वर्सा हितंच, या खोलीत पडून होते. डॉक्टर म्हणाला बिडी ओढत असतील. जन्मात बिडी ओढली नाय गो त्यांनी." त्यांनी लेकीचं तोंड पदराने पुसलं. "तुझ्या बाटलीलापण तोच वास येतो. पोरीच्या पोटात कंपनी नाय घालायची मला."

"आणि संध्याकाळी मी अंगावर पाजते ते?"

"माझ्या हातात असता तर तो पण सोडवला असता."

त्याच संध्याकाळी लेकीला जुलाब सुरू झाले आणि सकाळपर्यंत ती मान धरेना. रिक्षा करून महाडला नेलं. चार दिवस दवाखान्यात, हाताला सलाईन. डॉक्टरीणबाई आम्हा दोघींसमोर म्हणाल्या, "आईला एवढं दूध असताना पाणी घातलेलं गाईचं दूध? हे पोर तुम्ही घालवलं असतंत." सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. ते चार दिवस मी लेकीला अंगावर पाजलं आणि ती सुधारली.

निघताना डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, लॅबमध्ये मी सॉल्व्हंट, ती उग्र वासाची रसायनं, हाताळते, त्याचं काही दुधात उतरत असेल का? त्या फाइल मिटत म्हणाल्या, "असं काही नसतं. खुशाल पाजा."

असं काही नसतं, एवढ्यावर मी आयुष्यात एक नमुना पास केलेला नाही. तपासल्याशिवाय आम्ही कागदावर काहीच लिहीत नाही. कामावर परत गेल्यावर मी आमच्या साहेबांना विचारलं, आईच्या दुधात हे शोधायची काही पद्धत आपल्याकडे आहे का. ते हसले. "आपण औषध तपासतो, बाई तपासत नाही." दुपारी चेंजिंग रूममध्ये बसले, पंप लावला. भरपूर दूध आलं, एरवी कधी आलं नसेल इतकं. बाटली नाकाशी नेली. वास होता. पण वास बाटलीला होता, की माझ्या हातांना, की त्या खोलीला, की आता मला सगळीकडेच येणार होता, ते मला सांगता येईना. आठ वर्षं मी त्या वासात काम केलंय, माझं नाक काय कामाचं? मावशींना हुंगायला दिलं. त्या म्हणाल्या, "मला तर काहीच येत नाय." त्या माझ्याही आधीपासून तिथे होत्या.

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. गॅसवर पाणी तापत ठेवलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "दे गो बाटली. आता मीच पाजतंय. डॉक्टरबाईनं सांगितला ना, आईचाच द्यायचा म्हणून. माझा चुकला."

मी पिशवी खांद्यावरून काढलीच नाही.

"दे ना," त्या म्हणाल्या. "भूक लागलेय तिला."

मी मागच्या दाराने फणसाकडे गेले. त्या माझ्यामागे धावत आल्या. "अगो, काय करतेस! तुझ्या पोरीचा हाय तो!" त्यांनी माझं मनगट धरलं, पण तोवर बाटली निम्मी झाली होती. मग त्यांनी मनगट सोडलं. उरलेलं मी ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून पंप नेला नाही, लेकीला अंगावरही घेतलं नाही. येताना त्याच मेडिकलमधून पावडरचा डबा आणला. आठ-दहा दिवस छाती दगडासारखी झाली होती, ताप भरायचा, लॅबमध्ये हात वर करता येत नव्हता. मग हळूहळू सगळं बंद झालं. नोकरी सोडता आली असती तर, असं लोक म्हणतात. नाही सोडता आली.

संध्याकाळी घरी गेले की लेक माझ्या छातीशी तोंड घुसवून शोधायची. मी तिला सासूबाईंच्या मांडीवर द्यायची आणि पावडर कालवायला पाणी उकळत ठेवायची.