दुसरा रिमोट

कऱ्हाटीच्या वस्तीवर गोकुळ एकटा राहतो, असं कुणी म्हटलं की त्याला राग येतो. "एकटा कसा? दोन गाई हायत, कालवड हाय, बायको हाय, लेक हाय," असं तो मोजून दाखवतो. गाई गोठ्यात असतात हे खरं. बायको सोनल आणि लेक उत्कर्षा मात्र बारामतीत भाड्याच्या खोलीत असतात, शाळेसाठी आणि क्लाससाठी. आमच्या भागात हल्ली ही रीतच पडली आहे. पोरं आणि आई शहरात, बाप शेतावर. बापानं धारा काढायच्या, डाळिंबाला पाणी द्यायचं, एसटीत भाजीची पिशवी चढवायची आणि फोनवर "जेवलात का?" एवढं ऐकून घ्यायचं.

दुभत्या जनावरांमुळं त्याला कुठं मुक्काम करता येत नाही. दिवाळीतसुद्धा दोघी इंदापूरला सोनलच्या माहेरी गेल्या. मेहुणा फोनवर म्हणाला, "तुमी पण या की दाजी." बोलायला काय जातं! धारा काढायला काय मेहुणा येणार होता?

सणाची झाडलोट त्यानं एकट्यानंच काढली, आणि माळ्यावर खताच्या पिशवीत गुंडाळलेला त्याचा जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, बदकं मारायची बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर नऊशे नव्याण्णव खेळ लिहिलेले. खरे निघायचे पंधरा-वीस, बाकी नुसती नावं बदललेली. पण तेव्हा कुणाला फसवल्यासारखं वाटलं नव्हतं. हा गेम आला तेव्हा वस्तीवरची सगळी पोरं खिडकीला लटकायची, आणि आत गोकुळ आणि त्याचा धाकटा भाऊ युवराज राजासारखे बसायचे. युवराज आता पुण्यात कंपनीत आहे. त्याचा फोन सणासुदीला येतो.

मोरगावच्या मोबाईलवाल्यानं अडॅप्टर जुळवून दिला. गोकुळनं कॅसेटला सवयीनं फुंकर मारली, नव्या टीव्हीला पिना जोडल्या, आणि चित्र लागलं! भर दुपारी हा बाप्या एकटाच "आलं, आलं!" म्हणून ओरडला.

पण खरं सांगायचं तर बरंचसं विटून गेलं होतं. बदकांची बंदूक नव्या टीव्हीला ओळखच देईना. गोकुळनं टीव्हीच्या काचेला नळी टेकवून चाप ओढला तरी बदकं मजेत उडत राहिली. मोटारसायकलची शर्यत लहानपणी छाती धडधडवायची, आता जांभया आल्या. एकच खेळ तसाच्या तसा टिकला होता, टँकचा. खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पाखरू, वरून येणारे शत्रूचे टँक, आणि दोघांनी मिळून ते पाखरू राखायचं. "शेतात पाखरं हाकलायला सांगितली तर अंगावर येतं, आन् हितं राखत बसलाय व्हय रं," असं वडील करवादायचे.

हात आपोआप दोन गड्यांच्या खेळावरच गेला. एकट्यानं खेळायची सवयच नव्हती. गोकुळचा पिवळा टँक वर लढायला गेला आणि युवराजचा हिरवा पाखराशेजारी नुसता उभा राहिला. शत्रूनं येऊन त्याला उडवलं. परत आला, परत उभा राहिला, परत मेला. गोकुळला ते बघवेना.

मग त्याच्या मनानं घेतलं, उत्कर्षाला बोलवायचं. दोघी माहेराहून बारामतीत परतल्या होत्या आणि क्लास सुरू व्हायला अजून चार दिवस होते. एकदा हा खेळ हातात घेतला की पोरगी ते चार दिवस हलायची नाही, अशी त्याची खात्रीच झाली. त्यानं फोन करून "एक गंमत हाय, ये," एवढंच सांगितलं. मग अंथरुणं उन्हात टाकली, तिच्यासाठी नवी उशी आणली, शेजारच्या चंद्राबाईला शेंगदाण्याची पोळी सांगून ठेवली.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती आली. गेम बघून हसली, हिरव्या टँकचा रिमोट घेतला आणि दोन डावांत सगळं शिकली. गोकुळला आभाळ ठेंगणं झालं. दोघांनी कितीतरी मैदानं मारली. शेवटचा शत्रू तिच्या अगदी टप्प्यात यायचा तेव्हा ती थांबून म्हणायची, "पप्पा, तुम्ही मारा." गोकुळला ते जरा विचित्र वाटलं. कॅरममध्ये राणी गेली म्हणून सोंगट्या अंगणात भिरकावणारी ही पोर.

मग घोटाळा झाला. घाईत वळताना गोकुळची गोळी विटा फोडून आपल्याच पाखराला लागली. खेळ खलास. असं झालं की युवराज पाठीत धपाटा घालायचा, आणि गोकुळनं नकळत पाठ आकसून घेतली. धपाटा पडला नाही.

"असू दे पप्पा, होतं असं," उत्कर्षा म्हणाली. "छान आहे हा गेम. खरंच." आणि रिमोट तिनं वायर नीट गुंडाळून ठेवला.

जेवताना तिनं पोळीची तारीफ केली. स्वतःचं ताट घासून ठेवलं. मग फ्रीजसमोर उभी राहून तिनं मागं वळून विचारलं, "पप्पा, फ्रीज उघडू का? थंड पाणी घ्यायचं होतं."

ह्याच फ्रीजमधली साय चोरून खाल्ली म्हणून सोनलनं तिला किती वेळा बदडलं होतं. "उघड की. तुजंच घर हाय," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपण पाहुण्यांना म्हणतो हे त्याच्या लक्षात आलं.

तिनं पाणी पिऊन पिशवी उचलली. चारची गाडी होती. आता आग्रह करायलाच हवा होता.

"ऱ्हा की चार दिस. अंथरुणं पण टाकलीत उन्हात."

"आत्ता नको पप्पा. पुन्हा येईन ना, निवांत."

हे उत्तर ह्या उंबऱ्यावर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी दिलं होतं, आणि त्यातलं निवांत कुणीच आलं नव्हतं. लेक सासरी गेली की पाहुणी होते म्हणतात. ही दहावीतच झाली.

रिवाजाप्रमाणं गोकुळनं तिची पिशवी घेतली आणि फाट्यापर्यंत पोचवायला गेला. गाडी आली. ती खिडकीत बसली, हात हलवला, "काळजी घ्या," म्हणाली. गाडी बारामतीकडं वळली तेव्हा धारेची वेळ झाली होती, आणि गोकुळ भर रस्त्यात, मोटारसायकलवाले बघत असताना, तोंडाला उपरणं लावून रडत होता.