दुसऱ्यावरून पहिला

नेरळहून माथेरानच्या घाटात जीप चढवायची म्हणजे सगळा कानांचा कारभार. आमच्या तळावरच्या एकाही टॅक्सीचा स्पीडचा काटा चालत नव्हता, आणि चालला असता तरी वळणावर त्याच्याकडे बघणार कोण? दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घरघरायला लागलं की ते पुरतं दबायच्या आत पहिला टाकायचा. जुन्या जीपचा पहिला गिअर चालत्या गाडीत सुखासुखी पडायचा नाही. क्लच दोनदा दाबून, मध्ये थोडी रेस देऊन त्याची मनधरणी करावी लागे. उशीर झाला की गाडी बंद पडून मागे घसरायची. म्हणून घाटात ड्रायव्हरशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्यात रिवाजच होता.

ऐंशी सालच्या सुमाराला माझे कान जायला लागले. आधी बरीच वर्षं खालापूरकडे भाताच्या गिरणीत काढली होती, त्याचाच तो प्रसाद. मला मात्र वाटलं, इंजिनच सुधारलंय. मालकाला तसं सांगितलंसुद्धा, "गाडी आता लई शांत चालते." तो खूश झाला.

खरं काय ते कळल्यावर मी पायाने ओळखायला लागलो. डावा पाय क्लचशेजारच्या पत्र्यावर टेकवायचा, पत्रा थरथरला की गिअर बदलायचा. जमत होतं, पण जीव मेटाकुटीला यायचा. पूर्वी हात आपसूक जायचा, आता प्रत्येक चढ डोक्यात धरून चढायचा. घरी आलो की भाकरी चावायचाही कंटाळा येई. गाडी सोडावी तर घर तिच्यावरच चाललेलं.

एकदा बायकोला तिच्या बहिणीकडे सोडायचं होतं. बहीण माथेरानला हॉटेलात कामाला होती. बायको माझ्या शेजारी बसली, मागे भाड्याचे पाहुणे. मोठ्या चढावर थरथर मला उशिरा कळली. गाडी बंद पडून हातभर मागे आली. मी हँडब्रेक ओढला, कुणीतरी उतरून चाकामागे दगड लावला. पुढच्या चढावर तिने माझ्या मांडीवर थाप मारली आणि मी पहिला टाकला. अगदी वेळेवर पडला. मग वर गाड्या थांबतात तिथपर्यंत प्रत्येक चढाला तिची थाप येत राहिली.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "तुला कवापासनं म्हाईत हाय?"

"लई दिस झालं," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "आता पुरं करा. लोकांची पोरंबाळं बसतात मागं."

"आन् खायाचं काय?"

"मी येते हितं, भनीसंगं कामाला."

आमच्या आळीत ती कजाग म्हणून ओळखली जायची. नवऱ्यावर दिवसभर ओरडते, असं बायका म्हणत, आणि माझी आईही त्यांना सामील असे. तिने कधी खुलासा केला नाही. केला असता तर गाडी माझ्या हातून त्याच दिवशी गेली असती. हे सगळं तिथे उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मी मालकाला किल्ली दिली त्या संध्याकाळी तिने मलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शेजारणीला सांगितलं, "त्यांना आयकू येत नाय." मी ओटीवर बसलो होतो. शेजारणीने तिचा हात धरला, आणि ती तिथेच रडायला लागली.