दोन बोटांची जागा

शिवदास माझा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल काही लिहायचं म्हटलं की आधी माझ्या तोंडात शिव्या येतात, मग शब्द. त्यामुळे थोडं सांभाळून घ्या.

आमचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर हाती जे आलं त्यातून त्यांनी चारकोपला हे बैठं घर घेतलं. पुढे वर एक मजला चढवला आणि वर जायला घराबाहेरून सिमेंटचा जिना काढला. आई लवकर गेली, मग बाबाही गेले. शिवदासला मी वाढवलं. लग्न दोघांनीही केलं नाही. त्याला गाड्या मिळाल्या आणि मला तो. मी पोळीभाजी केंद्र चालवते, रोज बारा किलो कणीक मळते. तो इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्यात सव्वीस वर्षं फिटर आहे.

त्या गाळ्यात शर्यतीच्या गाड्या तयार होतात. गाडीचा सांगाडा जोडायचा शिवदासने, इंजिन बसवायचं शिवदासने, आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगायचंही त्यानेच. गाडी जिंकली की हार जुहूच्या कुणा पोराच्या गळ्यात. त्याचं मला काही नाही, ज्याची गाडी त्याचा हार. पण सहा वर्षांपूर्वी असाच एक जण आला. शिवदास पायाखालचं पेडल बघायला सीटवर बसला होता. तो पोरगा म्हणाला, "काका, उतरा ना. तुमचे कपडे बघा, सीटची वाट लागेल." आणि मालक हसला!

शिवदास उतरला. तो नेहमी उतरतोच. मी असते तर त्या सीटवर तेल ओतून आले असते. त्या दिवशी जेवताना तो एवढंच म्हणाला, "बाय, माका एक गाडी बांधूची आसा. आपली."

खालच्या पुढच्या खोलीचं त्याने गॅरेज केलं. बाबांचा पलंग वर गेला, माझी शिवणाची मशीन वर गेली, देव तेवढे मी हलवू दिले नाहीत. एका चेपलेल्या छोट्या गाडीचं इंजिन त्याने भंगारवाल्याकडून आणलं आणि वर्षभर ते खोलत, धूत, परत जोडत बसला. मग पाइप आले. पाइप कापून, वाकवून, वेल्डिंग करून त्याने सांगाडा उभा केला आणि त्याच सांगाड्याला चालवणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारा लोखंडी पिंजरा जोडला. गाडी उलटली तर माणूस त्या पिंजऱ्यामुळे वाचतो. तो नसेल किंवा कापून परत जोडलेला असेल, तर तपासणीवाले गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. हे मला सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की झोपेतही सांगेन.

घरात लोखंडाचा कीस पडायचा. एकदा आमटीत सापडला. मी ताट त्याच्यापुढे आपटलं तर त्याने तो कीस बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाला, "ह्यो मागच्या पाइपाचो." आता अशा माणसाला काय बोलायचं?

पण मोजमापात त्याचा हात धरणारा कोणी नाही. गॅरेजमधून बाहेर पडायची वाट जिन्याच्या पोटाखालून आहे, आणि तिथे उंची कमी. पहिला पाइप कापण्याआधी त्याने ती मापून भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती. गाडी बाहेर निघताना पिंजरा आणि जिना यांच्यात दोन बोटांची जागा राहणार होती. "दोन बोटा रग्गड झाली," म्हणायचा.

या वर्षी गाडी पुरी झाली. कोइमतूरला दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शर्यत होती, त्यात घरी बांधलेल्या गाड्यांचा एक गट होता. शिवदासने नाव दिलं. चोपन्न वय. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरने दाखला देताना बजावलं, या वर्षापुरता देतोय, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. चालवणार तो स्वतःच. दसऱ्याला टेम्पो येऊन गाडी घेऊन जायचा होता.

मध्ये गणपती आले. गणपतीला आम्ही गावी जाणार, त्यात बदल नाही. आमच्या गल्लीतली निम्मी घरं तेव्हा कुलूपबंद असतात, कारण निम्मी घरं कोकणातली. निघायच्या दिवशी तर घरात नुसता गोंधळ. पिशव्या, गणपतीवरच्या माटवीला बांधायचं सामान, एसटीची वेळ झालेली, त्यात वॉचमन धोंडू कसलंसं रजिस्टर घेऊन दारात उभा. त्याला वाटेला लावलं आणि आम्ही निघालो.

दहा दिवसांनी परत आलो तर गल्ली नऊ इंच वर आलेली.

पावसाळ्यात घरांत पाणी शिरतं म्हणून सोसायटीने गल्लीत सिमेंट ओतलं होतं, थेट आमच्या उंबऱ्याला भिडवून, जिन्याच्या पोटाखालपर्यंत. शिवदासने पिशवी खाली ठेवली, खिशातून टेप काढला आणि माप घेतलं. मग परत घेतलं. गाडी आत खड्ड्यात आणि बाहेर वर जिना, खाली सिमेंट. कुशीवर आडवी करून काढावी तर रुंदी साडेपाच फूट, म्हणजे अजूनच उंच. चाकं काढली तरी पिंजरा अडतच होता. जिना तोडावा तर वरच्या मजल्यावर जायचं कसं? पिंजरा सांगाड्यातच वितळवून जोडलेला, तो सुटा होत नाही. दोन बोटांच्या जागेचं आता सात इंचांचं अडकणं झालं होतं.

माझा जो भडका उडाला तो विचारू नका. कोकणातले लोक गावी गेलेले बघून काम उरकणारे हे चोर! मी शिवदासला म्हटलं, लिही तक्रार, सिमेंट फोडून द्या म्हणावं. त्याने लिहिली. नीट अक्षरात, मापांसकट. सेक्रेटरी मुकुल प्रधान, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बँकेतला. त्याने सांगितलं, रविवारच्या सभेत विषय घेतो. शनिवारी शिवदास त्याच्याकडे जाऊन आला आणि म्हणाला, "तक्रार मागे घेतलंय."

"कित्याक?"

"काय नाय. रवांदे."

रवांदे! सहा वर्षं घराचा उकिरडा करून आता म्हणे राहू दे! मी त्याला काय काय बोलले. शेळी म्हटलं. म्हटलं, त्या पोराने उठवलं तेव्हा उठलास, आता याने दटावलं तर शेपूट घातलीस, बाबा असते तर तुझं तोंड पाहिलं नसतं. बारा दिवस सकाळ-संध्याकाळ बोलले. चहा देताना बोलले, जेवायला वाढताना बोलले. तो खाली मान घालून जेवायचा आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडी पुसत बसायचा. मला त्याचा इतका राग आला होता की शेवटी मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्यार हातात धरायचं नाही, ते विश्रांतीला. शिवदासने पाटावर नट आवळायचे पाने, छिन्न्या, मापायचा व्हर्नियर असे सगळे मांडले, घण भिंतीला टेकवून ठेवला, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. मी नैवेद्य घेऊन आले आणि बघते तर लोखंड कापायचा ग्राइंडर पाटावर नाही.

"ग्राइंडर खंय?" अबोला विसरून मी विचारलं.

"आज लागतलो," तो म्हणाला. "उद्या टेम्पो येतलो. पिंजरो कापतंय. चालवूक नाय तर नाय, थंय नेऊन उभी तरी करतंय. चार जणांनी बघितल्यानी तरी बरा."

खंडेनवमीला, स्वतःच्या हाताने! माझ्या हातातलं नैवेद्याचं ताट मी तिथेच ठेवलं आणि चपलाही न घालता मुकुलच्या दारात गेले. जे तोंडाला आलं ते बोलले. चोर म्हटलं. सह्या न घेता काम केलंत म्हटलं.

मुकुलने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जानकीताई, शिवदासभाऊंनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

आतून त्याने रजिस्टर आणलं. गल्लीची उंची नऊ इंच वाढवण्याचं परिपत्रक, खाली ज्यांची हरकत नाही त्यांच्या सह्या. सतरा नंबर घर. सही माझी. 'जानकी स. गावडे', शेवटची रेघ पिशवीच्या चेनवर अडखळलेली. धोंडूला वाटेला लावलं होतं ते असं. एक अक्षर वाचलं नव्हतं मी.

"मी भाऊंना दाखवलं," मुकुल म्हणाला, "सभेत हे वाचावं लागलं असतं. तर म्हणाले, तिचं नाव चार लोकांत घेऊ नका, मी तक्रार मागे घेतो. आणि तिला कळू देऊ नका."

बारा दिवस. शेळी म्हटलं होतं मी त्याला.

घरापर्यंतच्या वाटेत मला स्वतःचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता. शिवदासचाही आला. का नाही ओरडला माझ्यावर? एकदा तरी? गॅरेजमध्ये तो काळा चष्मा लावून पिंजऱ्यापाशी वाकला होता. ग्राइंडर अजून सुरू झालेला नव्हता. मी भिंतीतली त्याची पिनच ओढून काढली. भिंतीला टेकवलेला घण उचलला. त्यावरचा झेंडू खाली पडला. जिन्याखाली उभी राहिले आणि सिमेंटवर पहिला घाव घातला.

आवाजाने दारं उघडली. माणसं जमली. मुकुल धावत आला. "ताई, काय करताय! सोसायटीची मालमत्ता आहे, दंड होईल!"

"कर दंड," मी म्हटलं. "आण तुझं रजिस्टर. ह्या वेळी वाचून सही करते."

दुसरा घाव घातला. तिसऱ्याला टवका उडाला. माझे दंड भरून आले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सिमेंटच्या धुळीमुळे होतं असं ज्याला समजायचं त्याने समजावं.

शिवदास बाहेर आला. त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला. मग माझे हात घणाच्या दांड्यावर नीट सरकवले.

"असो धरू नको. कंबर मोडतली तुझी," तो म्हणाला. "कडेक मार, मधी नको."

तो खाली बसला, टेप लावला, आणि खडूने सिमेंटवर गाडीच्या रुंदीची रेघ ओढली. सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. मी त्याच्याकडे बघत होते. वाटलं आता तरी काही बोलेल, त्या सहीबद्दल, त्या बारा दिवसांबद्दल.

"हयसरच फोड," तो म्हणाला. "नव इंच. ज्यास्त गेलंस तर परत भरूचा आपणाकच लागतला."

माझं टाळकं असं सटकलं, की पुढचा घाव बरोबर रेघेवर बसला.