बारा शुभेच्छुक आणि एक कांडप यंत्र

आईचं मसाला कांडपाचं यंत्र दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. कंपनी ते दुरुस्तही करेना आणि बदलूनही देईना. घर त्या यंत्रावर चाललं होतं, कारण मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणजे चौकात बसत होतो. शेवटी तिसगावहून आईला घेऊन नगरला गेलो आणि ग्राहक आयोगात तक्रार ठोकली.

कंपनीचं म्हणणं एकच, धंद्यासाठी यंत्र घेणारी बाई ग्राहक कसली? आमच्या वकीलबाई निवांत होत्या. स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेतलं तर तो माणूस ग्राहकच, असे वरच्या कोर्टाचे निकाल त्यांच्या पिशवीत होते. नोकरमाणसं ठेवून मोठा धंदा मांडलेला नसला म्हणजे झालं.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने एक फोटो पुढे केला. उद्घाटनाला मीच हौसेने चौकात लावलेला फ्लेक्स होता तो. मधोमध हात जोडलेली आई, वर ‘सुप्रसिद्ध उद्योजिका’, खाली गॉगल लावलेले बारा शुभेच्छुक.

“ही बारा माणसं कामाला असताना बाई ग्राहक कशा?” वकील म्हणाला.

अध्यक्षांनी आईकडे पाहिलं. ती पदर सावरत उठली.

“कामाला न्हाईत साहेब, नुसती फोटोला हायत. एकानं बी अजून मिरचीचं पोतं उचललं न्हाई.” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्यो माझा पोरगा. ह्यो बी त्यातलाच.”

“मग यंत्र कोण चालवतं?”

“मीच. देठं मीच मोडते, कांडते मीच अन् शिंकते बी मीच.”

अध्यक्ष हसले, वकीलबाईंनी पिशवीतले निकाल काढले, आणि मी खाली मान घालून बसलो. आईचा तेव्हा जितका राग आला, तितका मला कंपनीचाही आला नव्हता.

निकाल आमच्या बाजूने लागला, यंत्र बदलून द्यायचा हुकूम झाला. घरी ओट्यावर बसून मी आईला तो वाचून दाखवला. तक्रारदार महिला स्वतः कष्ट करून कुटुंबाचा उदरनिर्वाह करते, या वाक्यापाशी तिने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

“सायबाला एका दिवसात कळलं,” ती म्हणाली. “तुला फ्लेक्सवर हे का लिहिता आलं न्हाई रं?”