शर्टाचं तेच कापड

नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळच्या माझ्या कापडदुकानात सरकारी प्रयोगशाळेतले एक गृहस्थ आले. हातात शर्टाचा तुकडा होता.

“ताई, अगदी असंच द्या.”

“याहून छान दाखवते की!”

“नको. कळवणकडचा एकजण म्हणतो, झटापटीत बंदूक सुटून भाऊ गेला. गाव म्हणतं, लांबून नेम धरला. तीच बंदूक वेगवेगळ्या अंतरांवरून अशाच कापडावर झाडायची. भावाच्या शर्टावरच्या, जखमेवरच्या काजळीशी जुळेल ते अंतर खरं. पोत बदलला तर फसगत.”

माझे तागे पोतवार लावलेले, तरी त्यांनी चाचपून चाचपून सगळे उलगडायला लावले आणि मगच जुळणारं कापड नेलं.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले. “अगदी जवळूनच सुटली होती. त्याचं म्हणणं जुळलं.”

मग स्वतःसाठी शर्टपीस मागितलं.

“कसलं दाखवू?”

“काहीही चालेल,” ते हसले, आणि वरचंच उचललं.